अण्णांचा संसार

(बी.ए. भाग २)

आमच्या मुकुटबनात एखाद्याला संसारी माणूस म्हटले, की त्याचे दोन अर्थ होतात. एक अर्थ कौतुकाचा. हा माणूस व्यसनात पडत नाही, कापसाचा चुकारा हातात आला की सरळ घरी आणतो, मुलीबाळींचे हातपाय झाकतो. दुसरा अर्थ थोडा कमी लेखण्याचा. हा कशात पडत नाही, सभेला येत नाही, वर्गणी मागायला गेले तर आतल्या खोलीत जाऊन बसतो. हे दोन्ही अर्थ मी लहानपणापासून ऐकत आलो आणि शाळेच्या पुस्तकांनी ते माझ्या मनात अधिकच पक्के केले. कारण पुस्तकांतील थोर माणसे बहुधा घर सोडून गेलेली असत. गौतम बुद्धांनी महाल सोडला, समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा भरले घर टाकून हातात खराटा घेऊन निघाले. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती, की संसार आणि थोरपण या दोन बैलांची जोडी एका जुवाला चालत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी मला महर्षी कर्व्यांवर बोलावयास सांगितले. ग्रंथालयातून दोन पुस्तके मिळाली. एक अण्णासाहेब कर्व्यांचे 'आत्मवृत्त' आणि दुसरे त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण'. एकाच घराची गोष्ट दोघांनी आपापल्या जागेवरून सांगितलेली. भाषण पाच मिनिटांत संपले. पण त्या घराने मला वर्षभर सोडले नाही. म्हणून हा लेख. वाचकहो, यात विद्वत्ता नाही. एका माणसाने एकशे चार वर्षे संसार कसा केला आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढेच मला समजले तसे सांगावयाचे आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव दापोली तालुक्यातील मुरूड. घराण्याला एके काळी चांगले दिवस होते. पण वडील केशवपंतांच्या वेळेपर्यंत ते ओसरले होते. घरात दारिद्र्य होते, तसा ताठा मात्र टिकून होता. बडोद्याच्या गायकवाडांकडे ब्राह्मणांना दक्षिणा मिळते असे कळल्यावर लहानग्या धोंडूने जाऊ का म्हणून विचारले, तेव्हा आईने स्पष्ट नकार दिला. भीक घेऊन घर चालवावयाचे नाही, हा त्या घराचा पहिला धडा. पुढे ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या दारी झोळी फिरवली, त्याला घरी मिळालेले शिक्षण हे होते. त्याने झोळी फिरवली, पण स्वतःसाठी कधी फिरवली नाही.

मुरूडला सोमण नावाचे शिक्षक होते. त्यांनी मुलांना वाचनाची आणि सार्वजनिक कामाची गोडी लावली. गावच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम धोंडूकडे होते. मुलगा हुशार, पण अतिशय लाजाळू. सहावीची परीक्षा द्यावयाची तर साताऱ्याला जावे लागे. १८७५ साली सोबत्यांबरोबर तो पायी निघाला. पावसाळ्याचे दिवस, वाटेत सह्याद्रीचा घाट, अंतर सुमारे ११० मैल. चार दिवस चालून पोरे साताऱ्याला पोहोचली. परीक्षेसाठी सतरा वर्षे पुरी असावी लागत. धोंडूची ती होती, दाखलाही जवळ होता. पण त्याची चण इतकी लहान, की परीक्षकांचा विश्वास बसला नाही आणि त्याला बसू दिले नाही. आल्या पावली परत जावे लागले. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि तो पास झाला. आपल्यापैकी जे झरी-जामणीच्या आडगावांतून एस.टी.ची वाट पाहत उभे राहतात, त्यांना हे चार दिवस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. एवढ्या वयात आपल्याकडे मुलगा शिकत असेल, तर गाव विचारते की अजून किती शिकणार. मुंबईला आधी विल्सन आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८४ मध्ये ते गणित घेऊन बी.ए. झाले. हे सारे होत असताना ते कधीच एकटे नव्हते. त्या काळच्या चालीप्रमाणे चौदाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले होते आणि पत्नी राधाबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. १४ जानेवारी १८८२ रोजी मुलगा रघुनाथ झाला. म्हणजे बी.ए.ची परीक्षा त्यांनी एका लेकराचा बाप म्हणून दिली.

पुढची काही वर्षे मुंबईत शाळांतून आणि शिकवण्यांतून गेली. पहाटे उठून एका टोकाला शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी. नरहरपंत जोशी नावाचे जिवलग मित्र होते. दोन्ही कुटुंबे एकत्र राहत आणि कोकणातून शिकावयास आलेल्या मुलांनाही त्या घरात जागा असे. ही मुंबईची बिऱ्हाडे केवढी असत ते आपण ऐकले आहे. तरी पान वाढावयाचे तर आणखी एक वाढावयाचे, ही रीत त्या घरात पडली. याच काळात त्यांनी कमाईचा ठराविक भाग परोपकारासाठी बाजूला काढण्याचा नियम केला आणि मुरूडच्या कमावत्या माणसांना गोळा करून गावासाठी 'मुरूड फंड' काढला. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. माणूस श्रीमंत झाल्यावर दान करतो, हे आपण पाहतो. इथे घर चालविण्याची ओढाताण होत असतानाच हिशेबाच्या वहीत दानाचा रकाना पडला होता.

१८९१ साली राधाबाई वारल्या. रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. पुण्यात येताच दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुराला त्या काळी दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. मात्र त्याच वयाची बाई विधवा असेल तर तिचे केस काढत, तिला अंधाऱ्या खोलीत बसवीत, आणि शुभकार्यात तिचे तोंड पाहत नसत. कर्व्यांनी ठरविले, की लग्न करावयाचे तर विधवेशीच.

नरहरपंतांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे शिकावयास गेलेली ती पहिली विधवा. मोठ्या वयात तिने अक्षरओळखीपासून पुढे शिकावयास घेतले होते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई झाले. घरात तिला सगळे बाया म्हणत आणि कर्व्यांना अण्णा.

या लग्नाची शिक्षा पुण्यापेक्षा मुरूडने जास्त कडक दिली. गावाने बहिष्कार घातला. धोंडोपंतांशी जो संबंध ठेवील तोही जातीबाहेर, असा तो प्रकार. त्यामुळे सख्ख्या भावाला दार लावून घ्यावे लागले आणि आईला मुलाला उघडपणे जवळ घेता येईना. ज्याने गावासाठी फंड काढला, त्याच गावात त्याला आपल्या घराचा उंबरा परका झाला. यावर अण्णांनी भावाशी भांडण केले नाही, आईला बोल लावला नाही. ते कुटुंब आपल्यामुळे अडचणीत येते, हे ओळखून ते दूर राहिले आणि जमेल तेव्हा जमेल तसा संबंध जोडत राहिले. पुष्कळ सुधारक लोकांच्या टीकेला धीराने तोंड देतात. पण आईच्या हातचे जेवण बंद होणे ही टीकेपेक्षा फार निराळी गोष्ट आहे. ती त्यांनी मुकाट्याने सोसली.

लग्न करून थांबणे त्यांना पटेना. १८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. पण थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की पुनर्विवाहाने फार थोड्या जणींचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांना हवे आहे ते शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. जवळची शिल्लक सुमारे एक हजार रुपये होती, ती त्यांनी या कामाला दिली. पुढे १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे जागा आणि साडेसातशे रुपये दिले होते. माळावर एक साधी झोपडी उभी राहिली आणि मूठभर विधवांना घेऊन आश्रम सुरू झाला. आज पुण्यातला जो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो, तो तेव्हाचा हा ओसाड माळ.

आणि येथूनच, वाचकहो, माझ्या मनातला प्रश्न सुरू होतो.

अण्णांचा दिनक्रम असा होता. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवावयाचे, संध्याकाळी हिंगण्याला चालत जावयाचे, रात्री आश्रमात राहून सकाळी पुन्हा पायी शहरात यावयाचे. पावसाळ्यात चिखल, हातात गरजेच्या वस्तूंचे ओझे. हे चित्र आपण प्रत्येक चरित्रात वाचतो आणि मान आदराने लवते. पण त्या वेळी बाया आणि मुले कोठे होती? ती पुण्यात होती. आणि ती तेथे का होती, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आश्रमाला लोकांनी मुली पाठवाव्यात, वर्गणी द्यावी, तर तो पुनर्विवाहाचा अड्डा आहे असा संशय येता कामा नये. बाया तर पुनर्विवाह केलेली. म्हणून ज्या विधवांसाठी नवऱ्याने आश्रम काढला, त्या आश्रमात विधवा असलेल्या आणि आता त्याची पत्नी झालेल्या बाईचा वावर सुरुवातीच्या काळात लोकांना खपत नसे. नवरा रात्री पन्नास जणींच्या काळजीने तिकडे, आणि घरी तान्ह्या पोरांचे आजारपण काढीत ही एकटी.

पैशाचेही तसेच. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. आपल्यामागे बायको-पोरांना काय, हा प्रश्न कोणत्याही बाईला पडेल. बायांनाही पडला, आणि त्यांनी तो मनात ठेवला नाही. 'माझे पुराण' वाचताना सर्वांत आवडते ते हे, की त्या बाईने आपला राग, आपले रडणे, आपला त्रागा लपवून ठेवलेला नाही. आपला नवरा महर्षी आहे म्हणून आपण सुखी होतो, असे खोटे चित्र तिने रंगवले नाही. आणि रडून झाल्यावर ती बसून राहिली नाही. तिने सुईणीचे शिक्षण घेतले, काटकसरीने घर चालवले, पोरे वाढवली, पुढे आश्रमासाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. राधाबाईंचा रघुनाथ आणि स्वतःचे शंकर, दिनकर, भास्कर असे चार मुलगे तिच्या हाताखाली मोठे झाले.

तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा. ती आश्रमात शिकली, तेथेच तिने जबाबदारी घेतली आणि आश्रमाचा मोठा आधार झाली. फारसे इंग्रजी येत नसताना ही बाई पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आली आणि आश्रमासाठी मदत घेऊन आली. म्हणजे मेव्हणी संस्थेची खांब झाली आणि पत्नी घराची. या दोन्ही बहिणी बाजूला काढल्या, तर अण्णांचे किती काम उभे राहिले असते, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी जरूर करावा. थोर माणसाच्या चरित्रात अशा बायांना एकदोन ओळी मिळतात. मला वाटते, त्यांना निम्मे पान हक्काने मिळावयास हवे.

मग अण्णा चांगले संसारी होते की नव्हते? प्रथम वाचताना मी मनात रागाने नाही असेच उत्तर दिले होते. पुढे वाचत गेलो तसे ते उत्तर डळमळू लागले.

कारण या माणसाने घराकडे पाठ कधीच फिरवली नाही. त्याने मुलांना शिकविले, आणि जे शिकतील, जे विचार करतील, ते करण्याची मोकळीक दिली. थोरला रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या मतांपायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्या काळी त्यांचे नाव घेण्याचीही लोकांना लाज वाटे; आज सरकारच ते काम करते. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्र शिकून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेत राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मानववंशशास्त्रात त्यांचे नाव जगात झाले. त्यांच्या 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या घरात सासू विधवा म्हणून आली, त्या घरात सून संशोधक म्हणून वावरली. एका पिढीत एवढे अंतर चालून गेलेली घरे महाराष्ट्रात किती असतील?

इकडे कामही वाढतच होते. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ. फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर आता तरी अण्णा घरी बसतील, असे बायांना वाटले असल्यास नवल नाही. त्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही तसे विद्यापीठ हवे, ही कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केले. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, हा त्यांचा आग्रह. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, हा गृहस्थ जगप्रवासाला निघाला. युरोप, अमेरिका, जपान पाहिले, शिक्षणपरिषदांत भाषणे केली, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट घेतली. परत आल्यावर काही महिन्यांतच आफ्रिकेचा दौरा, आणि या वेळी बाया बरोबर होत्या. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी शारदा सदनात पाटी घेऊन बसलेली बाई नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडून वर्गणी मागते आहे, हे चित्र मला त्या जगप्रवासापेक्षाही मोठे वाटते.

आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलांनी तर पुढचे काम विशेष लक्षात ठेवावे. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांना वाटले, की शाळा नसलेल्या लहान गावांसाठी काही केले पाहिजे. त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून त्याला पैसे दिले आणि पुन्हा दारोदार फिरून पैसा-आणा गोळा करू लागले. महिला विद्यापीठाचा संस्थापक, जगभर मान मिळालेला माणूस, एक-दोन आण्यांसाठी पुण्याच्या गल्ल्यांतून हिंडत होता. १९४४ मध्ये माणसामाणसांतील उच्चनीच भाव जावा म्हणून त्यांनी समता संघ काढला. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले ते त्याच साली. दोघेही म्हातारपणी थकून बसली नव्हती, एवढे यावरून दिसते.

दीर्घायुष्य हे वरदान असे आपण म्हणतो. ते किती जड असते, हे अण्णांच्या शेवटच्या बारा वर्षांत दिसते. २९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या; सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी थोरला रघुनाथ गेला. ज्याला आईविना नऊ वर्षांचा पाहिला, त्याच मुलाचा शेवट पंच्याण्णव वर्षांच्या बापाला पाहावा लागला. मानसन्मान मात्र याच काळात रांगेने आले. विद्यापीठांनी डॉक्टरेट दिल्या, १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. शंभरावा वाढदिवस झाला तेव्हा त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात असताना हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. ज्या समाजाने त्यांना पंगतीतून उठविले, त्याच समाजाने त्यांना मिरवले, कारण ते तेवढे जगले. पण हे पाहावयास बाया नव्हत्या. तिकिटावर चित्र एकाचेच असते.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात, वयाच्या एकशे चाराव्या वर्षी, अण्णा गेले.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मला जे उत्तर सापडले ते असे. अण्णांनी संसार सोडला नाही, त्याच्या भिंती मागे सरकविल्या. आईने शिकविलेला ताठा, नरहरपंतांच्या बिऱ्हाडातले जास्तीचे पान, दानाचा रकाना, विधवा पत्नी, तिची विधवा बहीण, मग हिंगण्याच्या मुली, मग न पाहिलेल्या खेड्यांतली पोरे, हे सगळे एकाच घराचे वाढत गेलेले सोपे आहेत. पण घर वाढवताना मातीचे ओझे कोणी तरी वाहते. त्या घराचे पुष्कळसे ओझे बायांनी वाहिले, आणि अण्णांना ते नेहमी वेळेवर दिसले असे मला वाटत नाही. हे म्हटल्याने अण्णा लहान होत नाहीत. खरे सांगितले तर त्या घरात दोन थोर माणसे राहत होती, असे म्हणता येते.

शेवटी थोडे स्वतःविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. मी आमच्या घरातला महाविद्यालयात आलेला पहिला. माझे बाबा पहिल्या अर्थाने संसारी आहेत. दोन एकर कोरडवाहू कापूस-तूर आणि उरलेले दिवस मजुरी, यावर त्यांनी आम्हाला वाढवले. माझ्या ताईला दहावीत माझ्यापेक्षा जास्त गुण होते. त्या वर्षी बोंडअळीने कापूस गेला होता आणि घरातून एकालाच पुढे पाठविता येईल, असे ठरले. मी तेव्हा शाळेत होतो, मला कोणी विचारले नाही. पण मीही काही विचारले नाही. ताई तेव्हापासून वेचणीला जाते. माझी फी, माझा बसचा पास, या लेखाचा कागद, यांत तिच्या वेचलेल्या कापसाची मजुरी आहे. बाबांनी अन्याय करावा म्हणून केला नाही. त्यांच्या घराच्या भिंती तेव्हा तेवढ्यापर्यंतच पोचत होत्या. हे मला अण्णांचे आणि बायांचे पुस्तक शेजारी ठेवून वाचले तेव्हा कळले.

ताई आता एकवीस वर्षांची आहे. तिच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा जेवताना बाबांना सांगितले, की महर्षी कर्वे मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. बाबा काही बोलले नाहीत. हात धुऊन झाल्यावर त्यांनी फी किती लागते एवढे विचारले, आणि चुकारा आला की पाहू म्हणाले. ताई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा तिने माझ्या पिशवीत भाकरी बांधून ठेवताना, माझी बारावीची पुस्तके कोणाला दिली का, असे हळूच विचारले.

ती पुस्तके मी कोणाला दिलेली नाहीत. या उन्हाळ्यात ती घरी नेणार आहे.